नाव, पत्ता आणि बंद दार

जबलपूरहून नागपूरकडे येताना वाटेत बरगी लागते. नर्मदेवरील धरणामुळे या गावाचे नाव दूरवर पोचले आहे. समजा, तेथे बी-बियाण्यांच्या एका व्यापाऱ्याचे दुकान आहे. दुकानातील लहानशा सर्व्हरवर साऱ्या खतावण्या असून हिशेबनीस नागपुरात बसून त्या पाहतो. मार्चअखेर तोंडावर आली असता एके सकाळी त्याच्या पडद्यावर ‘सर्व्हर सापडत नाही’ असा संदेश उमटतो. दुकानात मात्र सर्व सुरळीत चालू असते. अशा वेळी संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, बंद करून पाहण्याचा मोह होतो. दोष जागच्या जागी राहतो आणि खतावण्या मात्र उघड्यावर पडतात.

यंत्रे एकमेकांना अंकांनी ओळखतात. नावे ही माणसांची सोय. प्रारंभी सर्व नावांची एकच यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. ती आवरेनाशी झाली, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी अनेक ठिकाणी विभागलेली नामव्यवस्था आखली. तीच डीएनएस होय. २०१४ पासून तीत ‘.भारत’ हे देवनागरी अखेरपदही आले आहे.

म्हणून पहिला प्रश्न असा: नावावरून अंक मिळतो काय? ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा देताच त्याचा उलगडा होतो. अंक मुळीच न मिळाल्यास नावाची मुदत संपली असेल किंवा नोंद चुकली असेल. जुना अंक मिळाल्यास दुकानाच्या जोडणीचा अंक बदललेला असतो. लहान जोडण्यांचा अंक सहसा कायम नसतो. नोंद दुरुस्त केल्यावरही जुने उत्तर वाटेतील यंत्रांच्या स्मरणात काही काळ टिकते. तेवढा धीर न धरता नोंद पुन्हा पुन्हा बदलणारे गोंधळात भरच घालतात.

अंक बरोबर असूनही जोडणी होत नसेल, तर दोष नावाचा नव्हे, दाराचा. सर्व्हरची ही दारे ‘पोर्ट’ या नावाने ओळखली जातात: सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३, दूरस्थ पडद्यासाठी ३३८९. आलेली हाक राउटरने सर्व्हरच्या अंतर्गत पत्त्याकडे वळवावी लागते. राउटरचा स्वतःचा बाहेरचा अंक १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर सेवादात्याने अनेक ग्राहक एकाच अंकामागे बसविले आहेत असे समजावे. मग राउटरशी कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ. सेवादात्याकडून स्वतंत्र अंकच मागावा लागतो. ही तपासणी दुकानाच्या जोडणीवरून न करता मोबाइलच्या जोडणीवरून करावी, कारण आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणारी हाक पुष्कळ राउटर पोचवीत नाहीत.

‘डोमेन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि त्यांनी अनेकांना चकविले आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘स्मॉल बिझनेस सर्व्हर’मध्ये कार्यालयातील संगणकांच्या समूहालाही डोमेनच म्हणत, आणि त्याचे नाव बहुधा ‘.लोकल’ने संपे. कार्यालयातच ‘डोमेन उपलब्ध नाही’ असा संदेश आला, तर बाहेरची नोंद चाळून काही हाती लागत नाही. बहुधा त्या संगणकाला नावे विचारण्यासाठी बाहेरचा डीएनएस नेमून दिलेला असतो, आणि घरातले नाव बाहेरच्याला ठाऊक नसते. तेथे सर्व्हरचाच अंक द्यावा. प्रमाणपत्राविषयीच्या इशाऱ्याचेही कारण पुष्कळदा असेच असते: प्रमाणपत्र एका नावाचे आणि हाक दुसऱ्या नावाने.

या सर्व्हरची शेवटची, २०११ ची आवृत्ती. तिचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्याआधी, २०१९ साली, संकेतशब्दावाचून दूरस्थ पडद्यातून आत शिरता येईल अशी फट विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत आढळली होती. म्हणून ३३८९ हे दार जगासाठी उघडे ठेवणे कोणत्याही घाईत समर्थनीय नाही. हिशेबनिसाने प्रथम व्हीपीएनच्या खाजगी मार्गाने दुकानाच्या जाळ्यात यावे आणि मग सर्व्हरकडे वळावे. मात्र त्या मार्गालाही दुकानाचे नाव किंवा अंक लागतोच. तेव्हा तपासणीची सुरुवात तेथेही एनएसलुकअपपासूनच होते.