तेरेखोलच्या दोन्ही काठांवरच्या पायवाटा : चालायच्या कुठून, टिकवायच्या कशा

पेडणे : थंडी पडली की बेळगावकडून आंबोली घाट उतरून, नाहीतर कोकण रेल्वेने पेडणे किंवा सावंतवाडी रोड स्थानकावर उतरून अनेक मराठी कुटुंबं इथल्या समुद्राकडे येतात. गाडी पुळणीपर्यंत जाते, दोन तास लाटा बघून होतात आणि मंडळी परत फिरतात. पण तेरेखोल नदी समुद्राला मिळते त्या टापूत गाडी बाजूला लावून चालायला निघालं, तर साठीच्या आजी-आजोबांनाही झेपतील अशा वाटा आहेत. या वाटा कुणी पर्यटकांसाठी आखलेल्या नाहीत. शेताला, देवळाला, बाजाराला आणि लग्नाकार्याला जाणाऱ्या पायांनी त्या पाडल्या आहेत.

नदी एक, राज्यं दोन

सह्याद्रीतून मनोहरगडाच्या बाजूने निघालेली ही नदी बांद्यावरून खाली येते आणि शेवटच्या टप्प्यात महाराष्ट्र-गोव्याची हद्द होते. उत्तरेला सिंधुदुर्गातली आरोंदा, रेडी ही गावं, दक्षिणेला गोव्याचा पेडणे तालुका. अपवाद एकच, तेरेखोल. हे गाव आणि त्याचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर असूनही गोव्यात मोडतो.

त्याचं कारण इतिहासात आहे. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला. १७४६ मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला. पेडणे महाल मात्र १७८८ मध्ये त्यांच्याकडे गेला. म्हणजे दोन्ही काठ बराच काळ सावंतवाडीच्याच अमलात होते. आजही बोली, सोयरिकी आणि देवळांचे मानपान नदीच्या दोन्ही बाजूंना जोडलेले आहेत. नकाशावरची रेघ नंतरची, वाट आधीची.

वाट पहिली : हरमल ते केरी

हरमलच्या किनाऱ्यावरून उत्तरेला खडकांच्या कडेने गेलं की छोटी पुळण लागते. तिच्या मागेच, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गोड्या पाण्याचं तळं आहे. तिथून वाट डोंगराच्या सोंडेवर चढते. वर कातळाचं सपाट सडं, खाली समुद्र आणि उतरणीला केरीचं सुरूचं बन. चढ फार नाही, रमतगमत तासाभराची चाल. सड्यावर सावली मात्र अजिबात नाही, त्यामुळे सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर निघावं. पावसाळ्यात शेवाळ धरलेला कातळ पाय घसरवतो, तेव्हा ही वाट टाळलेलीच बरी.

वाट दुसरी : फेरीने तेरेखोल, पुढे रेडी

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दहा मिनिटांच्या आत पलीकडे उतरता येतं. धक्क्यावरून गावातला डांबरी रस्ताच किल्ल्याकडे चढतो. किल्ला लहान. आत सेंट अँथनीचं चर्च आहे. तटावरून दक्षिणेला केरीची पुळण दिसते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. गोवा मुक्त व्हायला त्यानंतर सात वर्षं लागली.

किल्ल्यावरून रेडीकडे जाताना राज्य बदलतं, ते पाटी दिसली तरच कळतं. गप्पा मारत तास-दीड तासात रेडी येते. मातीचा रंग इथे गडद लाल होत जातो, कारण हा लोहखनिजाचा पट्टा. रेडीचा प्रसिद्ध द्विभुज गणपतीही १९७६ मध्ये खाणीतच सापडला. एक व्यवहाराची गोष्ट : गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. तो नियम पायी चालणाऱ्यालाही लागू आहे.

वाट तिसरी : यशवंतगड ते शिरोड्याची मिठागरं

रेडीचा यशवंतगड झाडांच्या मुळांनी धरून ठेवलाय असं वाटावं इतकी मुळं त्याच्या तटात शिरली आहेत. खंदक ओलांडून आत फिरायला अर्धा-पाऊण तास पुरतो. पुढचं गाव शिरोडा. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत इथल्या शाळेत शिक्षक होते. मे १९३० मधला मिठाचा सत्याग्रह झाला तो इथल्याच मिठागरांवर.

मिठागरांच्या बांधावरची चाल अगदी सपाट. जानेवारी ते मे या काळात गेलं तर काम चालू दिसतं. भरतीचं पाणी आगरात घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवतात, उन्हाने ते दाट होत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. त्या वाफ्याचा तळ चिखल चोपून तयार केलेला असतो. फोटोसाठी आत टाकलेला एक पाय आगरवाल्याची मेहनत वाया घालवतो. चालायचं ते बांधावरूनच.

भरतीचा हिशेब

पुळणीवरून चालायचं तर ओहोटी हवी, कारण ओली वाळू घट्ट असते. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात : तिथीच्या आकड्याची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्याच्या सहा तास मागे-पुढे. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास पुळण मोकळी. हा अंदाज आहे, त्यात थोडं इकडेतिकडे होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा खडकांच्या कडेने जाऊ नये. नदीच्या मुखाशी ओहोटीची ओढ जोरदार असते, तिथे पोहायला उतरू नये. शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर विचारूनच पलीकडे जावं. फेरी चुकली तर आरोंदा-किरणपाणी पुलावरून लांबचा वळसा पडतो.

वाट कुणाची?

आता खरा प्रश्न. जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि पेडण्यातल्या जमिनीकडे बाहेरच्यांचं लक्ष वळलं. जमीन विकली जाते तेव्हा खरेदीखतात चतुःसीमा येते, पण त्या जमिनीतून रोज जाणारी पायवाट बरेचदा येत नाही. मग चिऱ्याचं कुंपण उभं राहतं आणि पाच मिनिटांवरच्या देवळाला अर्ध्या तासाचा वळसा पडतो.

कायदा याबाबत गप्प नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार एखादी वाट उघडपणे, हक्काने, सलग २० वर्षं वापरली तर शेजारच्या जमीनमालकाला वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. तसाच, सलग २० वर्षं वापर केला नाही तर तो संपूही शकतो. मालकाच्या परवानगीने केलेली ये-जा यात धरत नाहीत. महाराष्ट्रात शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. उशीर झाला की प्रकरण दिवाणी कोर्टात जातं.

म्हणून कागद वेळीच बघावा. महाराष्ट्रात गाव नकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. सातबाऱ्यावर आणि गोव्यातल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना असतो. जमीन घेणाऱ्याने तो वाचावा आणि गावकऱ्यांनी आपली वाट त्यात आहे का ते तपासावं.

फिरायला येणाऱ्याला हा वहिवाटीचा हक्क नाही, तो पाहुणा आहे. बेडं उघडलं तर मागे लावायचं, अंगणातून वाट जात असेल तर आधी हाक द्यायची, बागेतल्या पडलेल्या काजूलाही हात लावायचा नाही, बाटल्या-पिशव्या परत न्यायच्या. पाहुण्यांचा त्रास झाला की मालक आधी वाट बंद करतो, आणि ती बंद होते शेजारच्या म्हातारीसाठी. उलट चार लोक नीट चालून गेले, वाडीतल्या दुकानात चहा-पाव घेतला, तर वाट मोकळी ठेवण्यात गावालाही फायदा दिसतो.