झेंडू

दसरा आला की घरोघरी झेंडूची तोरणे लागतात. हे फूल आपल्या सणांशी इतके एकरूप झाले आहे की, ते दूरदेशाहून आले हे कोणास खरे वाटणार नाही. झेंडू मूळचा मेक्सिको देशातील. कोलंबस १४९२ साली अमेरिकेस पोहोचला. त्यानंतर तिकडील मका व मिरची यांप्रमाणे झेंडूही सागर ओलांडून आपल्या अंगणात आला.

झेंडूचे वाळलेले फूल हलकेच उकलून पाहा. आत काळ्या, काडीसारख्या बिया दिसतात आणि पुष्कळशा बियांच्या टोकाशी एकेक सुकलेली पाकळी असते. अशी प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र लहान फूलच होय. ज्यास आपण एक फूल म्हणतो, तो अनेक फुलांचा गुच्छ असतो.

दसऱ्यास फुले हवी असल्यास आषाढात बी पेरावे. वाफा भुसभुशीत व उंच असावा. सुमारे आठवडाभरात अंकुर दिसू लागतात. महिन्याने रोपे काढून भरपूर उन्हाच्या जागी हातभर अंतरावर लावावीत. पाणी बुंध्याशी घालावे. मात्र ते साचू देऊ नये, साचल्यास मुळे कुजतात. रोपाने जोम धरला की त्याचा शेंडा खुडावा. मग बाजूंनी फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीवर कळ्या धरतात.

फुले कोमेजू लागली की खरी काळजी घ्यावी लागते. बी तयार करणे हे झाडाचे मुख्य कार्य. बी धरू लागले की झाडाची शक्ती तिकडे खर्च होते व नव्या कळ्या कमी येतात. म्हणून कोमेजलेली फुले वेळीच खुडावीत, म्हणजे बहर दीर्घकाळ टिकतो.

परंतु सगळीच फुले खुडली, तर पुढील वर्षी पेरणार काय? यासाठी सर्वांत निरोगी झाडावरील दोन-तीन उत्तम फुले राखून ठेवावीत. ती झाडावरच वाळू द्यावीत आणि नंतर कागदाच्या पुडीत कोरड्या जागी ठेवावीत. बियांसाठी गावठी झेंडू निवडावा. संकरित झेंडूच्या बियांपासून तशीच फुले येतील असा भरवसा नसतो.

मुलांनो, तोरणासाठी फुले तोडताना ही दोन-तीन फुले विसरू नका. पुढच्या दसऱ्याचे तोरण त्यांच्यातच आहे.