सुटे भाग आणि त्यांचा सांधा

यंत्राचा प्रत्येक भाग निर्दोष असला म्हणजे सबंध यंत्र निर्दोष झाले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. संगणकाच्या सॉफ्टवेअरबाबत ही समजूत किती महाग पडते, हे ४ जून १९९६ रोजी दिसून आले. त्या दिवशी फ्रेंच गियानातून युरोपचा ‘एरियान-५’ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणाला निघाला आणि सुमारे ४० सेकंदांत आकाशातच त्याचे तुकडे झाले.

त्याची दिशा व वेग मोजणाऱ्या उपकरणातील सॉफ्टवेअर जुन्या ‘एरियान-४’वरून घेतलेले होते. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक संख्या अशा जागेत साठवली जाई, की तेथे ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नसे. एरियान-४ ही मर्यादा ओलांडणार नाही, हा हिशेब बरोबरच होता. परंतु एरियान-५चा आडवा वेग पाचपट झपाट्याने वाढत होता. संख्या मावेना, तसे उपकरण बंद पडले. राखीव उपकरणातही तेच सॉफ्टवेअर असल्याने तेही त्याच कारणाने क्षणभर आधीच थांबले होते. बंद पडताना निघालेली बिघाडाची सूचना मुख्य संगणकाने दिशेचे मोजमाप म्हणून वाचली आणि अग्निबाण भलतीकडे वळवला.

गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. उपकरणाच्या चाचण्यांत एरियान-५चा मार्ग विचारात घेतलेला नव्हता. सबंध यंत्रणेच्या चाचण्यांत खऱ्या उपकरणाऐवजी त्याची नक्कल वापरली होती. भाग जुन्या घरी बरोबर होता. नव्या घराशी त्याचे सूत जुळते की नाही, हे कोणी पाहिलेच नव्हते.

मग प्रत्येक जोडणी चालवून का पाहू नये? दहा भाग घ्या आणि प्रत्येकाच्या दहाच अवस्था माना. एकत्र अवस्था एक हजार कोटींपर्यंत जातात. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक भागाचा नकाशा काढतात: त्याच्या अवस्था कोणत्या, कोणता संदेश आला असता तो कोठे जातो, तो इतरांकडून काय अपेक्षितो आणि कशाची हमी देतो. हे नकाशे जोडून संगणक त्यांतील वाटा पद्धतशीरपणे तपासतो. एकाने संदेश पाठवला आणि दुसरा तो घेण्यास सिद्धच नाही, असे घडते काय? ‘आधी तू, आधी तू’ म्हणत दोघेही कायमचे खोळंबतात काय? दोष आढळला, तर तेथवर नेणारी नेमकी वाटही तो दाखवतो. या पद्धतीचा पाया घालणाऱ्या एडमंड क्लार्क, ॲलन इमर्सन व जोसेफ सिफाकिस यांना २००७ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

अर्थात, नकाशात जे काढले नाही, ते संगणकास दिसणार नाही. ३२,७६७ची मर्यादा त्या भागाची अट म्हणून लिहिलेली असती आणि नवा मार्ग तिच्याशी ताडून पाहिला असता, तर विसंगती जमिनीवरच उघड झाली असती. एका घरचा भाग दुसऱ्या घरी नेताना त्याच्या अटीही सोबत न्याव्या लागतात.