थंडीने सरकणारा प्रकाशाचा अडसर

मोराचे पीस उन्हात धरून जरा तिरके करा. त्यावरचा निळा-हिरवा रंग पालटतो. हा रंग हळदीच्या किंवा शाईच्या रंगासारखा नाही. पिसातले मेलॅनिन मुळात काळपट असते. पण त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या इतक्या ठराविक अंतरावर रचलेल्या असतात, की विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशाला त्या रचनेतून वाटच मिळत नाही. तो परत फिरतो आणि आपल्याला रंग म्हणून दिसतो.

अशा नियमित रचनेला 'फोटॉनिक स्फटिक' म्हणतात. ही कल्पना १९८७ मध्ये एली याब्लोनोविच आणि भारतीय वंशाचे सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे मांडली. अपवर्तनांक वेगळे असलेले दोन पदार्थ आलटून पालटून योग्य अंतरावर रचले, की थराथरावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि कंप्रतेच्या एका पट्ट्यातील लहरींना आत मज्जाव होतो. हा झाला 'निषिद्ध पट्टा'. याब्लोनोविच यांनी १९९१ मध्ये एका ठोकळ्यात तीन दिशांनी तिरकी भोके पाडून असा स्फटिक बनवला. तो सूक्ष्मलहरींसाठी होता. त्यांची लांबी सेंटिमीटरांत मोजण्याजोगी, म्हणून काम ड्रिलवर भागले!

पण भोके एकदा पाडली की पट्टा कायमचा ठरला. तो हवा तेव्हा सरकवायचा कसा? येथे अतिसंवाहक मदतीला येतो.

लायडन येथे १९११ मध्ये कामरलिंग ऑनेस यांना आढळले, की ४.२ केल्विनला, म्हणजे सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसला, पाऱ्याचा विद्युत्‌रोध एकदम नाहीसा होतो. पुढे १९३३ मध्ये माइसनर व ऑक्सेनफेल्ड यांनी दाखवले, की अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला बाहेर ढकलतो. मात्र अगदी पृष्ठभागापासून नव्हे. क्षेत्र थोडेसे आत शिरतेच. यिट्रियम, बेरियम, तांबे व ऑक्सिजन यांच्या प्रसिद्ध संयुगात ही खोली अतिथंड अवस्थेत मिलिमीटरच्या सुमारे दीड दशसहस्रांश भरते. विद्युत्‌चुंबकीय लहरींचा शिरकावही असाच मर्यादित असतो. म्हणून स्फटिकातील अतिसंवाहकाचे थर अतिशय पातळ लागतात. जाड थर सारेच परतवून लावील.

गंमत अशी, की ही खोली तापमानाबरोबर बदलते. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वाहतात. तापमान चढते तशा जोड्या मोडतात आणि लहरी अधिक आत शिरतात. याचा एक सोपा नियम आहे. तापमानाला संक्रमण तापमानाने भागा, भागाकाराचा चौथा घात १ मधून वजा करा व वर्गमूळ काढा. मूळ खोलीला त्याने भागले की नवी खोली मिळते. वरील संयुगाचे संक्रमण तापमान सुमारे ९३ केल्विन आहे. द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला खोली सुमारे १.४ पट होते. ९० केल्विनला जवळजवळ २.९ पट! आकडे स्वतः पडताळून पाहा. खोली वाढली, की निषिद्ध पट्टा कमी कंप्रतेकडे सरकतो. भोके तीच, थर तेच. बदलले फक्त तापमान. चुंबकीय क्षेत्रानेही असा पट्टा हलवता येतो. शिवाय साधा धातू सूक्ष्मलहरींची बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खातो, अतिसंवाहक फारच थोडी.

मग अतिसंवाहकाचे मोरपीस करून दिव्याचा रंग बदलता येईल का? नाही. नायोबियम या धातूतील इलेक्ट्रॉनांची जोडी फोडायला सेकंदाला सुमारे ७०० अब्ज कंपनांची लहर पुरते. लाल प्रकाशाची कंपने याच्या सहाशेपट आहेत. असा प्रकाश जोड्या सहज फोडतो, आणि त्याच्या दृष्टीने अतिसंवाहक हा एक साधा धातूच उरतो. तेव्हा या स्फटिकांचे खरे राज्य सूक्ष्मलहरी आणि त्यांच्या पलीकडच्या टेराहर्ट्‌झ लहरींवर आहे. अवकाशातून येणाऱ्या अशाच लहरी टिपणारी काही उपकरणे आजही अतिसंवाहकांचीच असतात. त्यांना थंड ठेवावेच लागते, त्यामुळे तेथे थंडीचा वेगळा खर्च पडत नाही.