मृगाआधी घराभोवती एक फेरी

मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी निघाल्या की शेतकऱ्याच्या घरी घाई उडते. बियाणे आणायचे, खताची सोय लावायची, पाभर नाहीतर ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र तपासायचे. अवजाराचा एक बोल्ट ढिला असला तरी तो आपल्या नजरेतून सुटत नाही. ज्या घरात मुलेबाळे झोपतात त्या घराची तपासणी मात्र क्वचितच होते. “मागल्या साली टिकले, यंदाही टिकेल,” म्हणून काम पुढे ढकलले जाते. मग श्रावणाच्या झडीत एखाद्या रात्री भिंत बसते आणि सकाळी पंचनामा होतो.

घर म्हातारे झाले म्हणून पडते, असा आपला समज आहे. तो बरोबर नाही. शंभर वर्षांचे वाडे उभे आहेत आणि दहा वर्षांच्या खोल्या खचल्या आहेत. घराचा मोठा शत्रू म्हणजे मुरलेले पाणी. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. त्यापूर्वी अर्धा दिवस काढावा आणि पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोठे मुरते हे पाहत घराभोवती एक फेरी मारावी. फेरीत कारभारणीला जरूर बरोबर घ्यावे. पावसात कोणत्या कोपऱ्यात पातेले मांडावे लागते हे तिच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते!

सुरुवात जोत्यापासून करावी. वळचणीखाली पागोळ्यांनी चर पडला असेल तर ते पाणी पायातच जाते. चर मुरमाने भरून, चोपून, अंगणाकडे उतार द्यावा. पावसाचे पाणी चार महिन्यांचे. मोरीचे सांडपाणी मात्र बारा महिने भिंतीच्या कडेने वाहते. ते नळीने दूर नेऊन शोषखड्ड्यात किंवा परसातल्या केळीला सोडावे. भिंत खालून दोन-तीन फूट ओलसर दिसत असेल, पांढरा लोणा फुटला असेल, पोपडे गळत असतील, तर पाणी खालून चढते आहे असे समजावे. अशा मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून ओल झाकण्याची सध्या पद्धत पडली आहे. ती चांगली नव्हे. सिमेंटच्या आड ओल कोंडते, आतली माती भुसभुशीत होते आणि एके दिवशी गिलाव्याचा पापुद्रा सबंध निघून येतो. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच लेप बरा, कारण त्यातून ओल बाहेर पडते.

जोत्यातली उंदरांची बिळे दगडाच्या कपच्या ठोकून बुजवावीत. पावसात त्यांतूनच पाणी आत शिरते आणि पाण्याच्या आधी साप. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप नुसते छाटू नये. ते मुळासकट काढून ती फट चुन्याने भरावी.

आता भेगा. काळ्या रानात उन्हाळ्यात कशा भेगा पडतात ते आपण पाहतोच. तीच माती पावसात फुगते. तिच्यावर उथळ पायाचे घर असले की तेही दरसाल वर-खाली होते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. भेग दिसली म्हणून घाबरून जाऊ नये, पण तिला विसरूही नये. तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. दोन महिन्यांनी भेग खुणेपुढे गेली किंवा रुंदावली तर गवंड्याला नव्हे, जाणत्या अभियंत्याला बोलवावे.

भेगेपेक्षाही मोठे लक्षण म्हणजे भिंतीने पोट काढणे. जुन्या दगडी भिंती दोन पदरांच्या असतात. मधे माती आणि कपच्या. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड नसले तर मधल्या मातीत पाणी मुरते, ती फुगते आणि बाहेरचा पदर सुटू लागतो. दोरीला दगड बांधून ओळंबा सोडला की हे पोट कोणालाही कळते. अशा भिंतीला टेका देऊन दुरुस्ती होईपर्यंत तिच्याकडेला खाट टाकू नये, जनावरही बांधू नये.

मराठवाड्याने याची फार मोठी किंमत मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. हादरा भूकंपाचा होता, पण माणसे गेली ती मुख्यतः जाड दगडी भिंती आणि माळवदाची माती अंगावर पडून. जेथे छत लाकडी खांबांवर होते आणि खांब-तुळयांचे जोड शाबूत होते, तेथे भिंती ढासळूनही छत पुष्कळदा उभे राहिले. पुढे डागडुजी करताना भिंतीत आरपार भोके पाडून, सळई घालून ती काँक्रीटने भरण्याची रीत सांगितली गेली. उभ्या भिंतीचे दोन पदर असे आजही बांधून घेता येतात.

माळवद गळू लागले की आपण उन्हाळ्यात वर चार पाट्या माती टाकतो. वडिलांनी टाकली, आजोबांनीही टाकली होती. खालची मात्र कोणी काढली नाही! अशाने हातभर थर साचतो, आणि पावसात भिजला की त्याचे वजन आणखी वाढते. म्हणून यंदा नवी माती टाकण्याआधी जुनी खरवडून काढावी. कष्टाचे काम आहे, पण घरातले चार जण लागले तर उरकते. एकाच बाजूची सगळी माती एकदम काढू नये. दोन्हीकडून थोडी थोडी काढावी. नंतर पातळ थर चोपून, पन्हळीकडे उतार ठेवावा. पन्हळ भिंतीच्या बाहेर चांगली हातभर आली पाहिजे.

त्याच वेळी खांबांचे बूड पाहावे. विळ्याचे टोक लाकडात सहज शिरले तर खांब आतून कुजला आहे. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती मोडून ठेवावी; आठ दिवसांत पुन्हा बांधली गेली तर वाळवी जिवंत आहे. शेतात फवारायचे औषध आणून घरात, धान्याच्या कणगीजवळ मारण्याचा उद्योग मात्र करू नये.

कौलारू घराचे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. शाकारणी त्यांच्या हाडीमाशी आहे. इतरांनी एवढे ध्यानात ठेवावे की थेंब जेथे पडतो तेथेच कौल फुटलेले असते असे नाही. पाणी वाशावरून घरंगळत खाली येते. फुटके कौल थेंबाच्या वरच्या अंगाला शोधावे.

पत्र्याच्या घराला पाण्याआधी वारा. वळवाच्या वावटळीत पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवतात. पत्रा उचलला की तोच दगड खाली माणसावर येतो. दगड काढावेत, गंजलेले हूक व वायसर बदलावेत आणि कडेच्या ओळीला जास्त हूक लावावेत, कारण वारा कडेपासूनच उचलतो.

स्लॅबच्या घरातही निर्धास्त राहू नये. वरचा पालापाचोळा काढून पाण्याची वाट मोकळी करावी. खालून काठीने ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला किंवा तांबूस डाग दिसले तर सळई गंजते आहे. नुसता रंग देऊन ते थांबत नाही. सैल काँक्रीट काढून, सळई घासून जाणकाराकडून दुरुस्ती करून घ्यावी.

शेवटी वीज. कपडे वाळत घालायची तार पत्र्याला किंवा विजेच्या खांबाला बांधलेली असेल तर आजच सोडावी आणि तेथे सुताची दोरी बांधावी. वायरीचे सालपट निघून ती ओल्या पत्र्याला टेकली की तारेत प्रवाह उतरतो आणि ओले कपडे टाकणाऱ्या हाताला कळण्याआधी घात होतो. अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच बसवून घ्यावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करावे, आणि तो आलाच आहे तर गोठ्यातला दिवा आणि कडबाकुट्टीची वायरही त्याला दाखवावी.