झिलई नको असलेलं पॉलिश

लाकडाला पॉलिश करणाऱ्या कारागिराची सगळी हयात झिलई आणण्यात जाते. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापडाचा गोळा करून हातावर हात मारायचे, दाराच्या फळीत आपलं तोंड दिसू लागलं की काम फत्ते. हाच कारागीर टेबल टेनिसच्या टेबलासमोर उभा राहतो तेव्हा त्याला आयुष्यभराची ही सवय बाजूला ठेवावी लागते. इथे रंग गडद हवा, सगळीकडे एकसारखा हवा आणि त्यावर ट्यूबलाइट चमकता कामा नये. खेळाच्या नियमांतच तसं लिहिलेलं आहे.

उमरेडच्या पुढे, नागभीडच्या वाटेवरचं भिवापूर मिरचीसाठी ओळखलं जातं. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकनही आहे. अशा तालुक्याच्या गावी टेबल टेनिसचं टेबल म्हणजे नागपूरहून टेम्पोत घालून आणायची वस्तू. ते एकदा आलं की वर्षानुवर्षं तेच. आणि ते फक्त खेळायलाच वापरलं जातं असंही नाही. त्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधले जातात, स्नेहसंमेलनात नाश्त्याच्या बशा मांडल्या जातात, कुणी चादर अंथरून इस्त्रीही करतं. मग रंग उडतो, चहाच्या कपांची वर्तुळं उमटतात, रेषा पुसट होतात आणि टेबल व्हरांड्यात भिंतीला टेकून उभं राहतं. आतली फळी शाबूत असताना टेबलाची अशी रवानगी व्हावी याचं मला फार वाईट वाटतं. कारण बिघडलेलं असतं ते वरचं अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ कवच, आणि ते नव्याने चढवणं गावातल्या पॉलिशवाल्याला जमण्यासारखं आहे. त्याच्याकडून नेमकं काय हवं, हे मात्र त्याला सांगता आलं पाहिजे.

टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद आणि जमिनीपासून ७६ सेंटिमीटर उंच. फळी कशाची असावी, याची नियमात सक्ती नाही. सक्ती आहे ती टप्प्याची. नियमातला चेंडू ३० सेंटिमीटरवरून सोडला की तो सुमारे २३ सेंटिमीटर उसळला पाहिजे, आणि टेबलावर कुठेही सोडला तरी तेवढाच. ही चाचणी घ्यायला पट्टी, चेंडू आणि खाली वाकून बघणारा एक माणूस पुरतो. म्हणून दुरुस्तीची सुरुवात रंगाच्या डब्यापासून करू नये, या चाचणीपासून करावी. दोन्ही अर्ध्या भागांवर खडूने हातभर अंतराच्या चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत चेंडू सोडून उसळीचा आकडा वहीत टिपायचा. जिथे टप्पा मेलेला लागतो तिथे रंगाचा दोष क्वचितच असतो. खालच्या पट्टीचे स्क्रू ढिले झालेले असतात, नाहीतर प्लायचे थर सुटून आत पोकळी झालेली असते. बोटाच्या पेराने ठोकलं तर आवाजावरूनही कळतं. टप्प्याची उंची ठरवते ती फळी. रंगाच्या हाती असतं ते चेंडूचं घसरणं किंवा पकड घेणं.

ही पकड कळीची कशी झाली, याचा एक धागा आपल्या मुंबईत सापडतो. १९५२ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदाच आशियात आली आणि ती मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये भरली. आज तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. त्या स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. तोवर ऐकू येणारा रबराचा टकटक आवाज त्याच्या बॅटमधून येतच नव्हता, आणि प्रतिस्पर्ध्यांना चेंडूच्या वेगाचा अंदाज येईना. पुरुष एकेरीचं अजिंक्यपद तो घेऊन गेला. पुढे १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने बॅटवरच्या आवरणाच्या जाडीला मर्यादा घातली, पण स्पंज खेळात राहिला तो राहिलाच, आणि त्याच्यासोबत फिरकी. फिरकीचा चेंडू टप्पा घेताना टेबलाला क्षणभर चिकटतो आणि तिथेच आपली चाल बदलतो. पृष्ठभाग गुळगुळीत झाला असेल तर तो चिकटायच्या ऐवजी सटकतो आणि खाली राहतो. फार खरखरीत असेल तर अवाजवी उसळी घेतो. शाळेच्या टेबलावर सहा महिने सराव केलेलं पोर जिल्हा स्पर्धेच्या टेबलावर गांगरतं, त्यामागे पुष्कळदा हा फरक असतो.

झीज कुठे होते, तेही बघण्यासारखं आहे. खेळाडू घामेजलेला तळवा जाळीजवळच्या कोपऱ्यात टेबलावरच पुसतो, कारण तिथे चेंडू क्वचित पडतो. घामातल्या मिठाने तिथला रंग आधी जातो. टेबलाच्या टोकाला बॅट आपटून कडा तुटतात. मधल्या भागात आणखी वेगळाच प्रकार: रोज कापडाने पुसून पुसून मॅट रंगालाच झिलई चढते. त्यात कुणी रॉकेलचा बोळा फिरवला किंवा फर्निचरचं पॉलिश चोळलं असेल तर वर तेलकट थर बसतो, आणि त्यावर दिलेला नवा रंग मुळी धरतच नाही, मध्येच बारीक खड्डे पडून फाटतो. म्हणून पहिलं काम धुण्याचं. साबणाचं कोमट पाणी, घट्ट पिळलेलं फडकं, मग थिनरने पुसणं, आणि तेही दर वेळी कापडाची नवी घडी घेऊन.

त्यानंतर लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं आणि घासणं. खरी कारागिरी दिसते ती इथे. खड्डे दिवसाच्या उजेडात सापडत नाहीत. खोली अंधारी करून टॉर्च टेबलाच्या पातळीत आडवी धरली की प्रत्येक खळगा आपली सावली टाकतो. त्या सावल्यांवर पेन्सिलने गोल करायचे, पट्टीने लांबी भरायची आणि ती पूर्ण वाळू द्यायची. मग सगळ्या टेबलावर पेन्सिलने सैल गिरगिट काढायची आणि लाकडी ठोकळ्याला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून लांबीच्या दिशेने घासायला लागायचं. उंच भागावरची पेन्सिल आधी जाते, खोलगट भागातली तशीच राहते. जिथे गिरगिट शिल्लक, तिथे अजून लांबी हवी. शेवटची रेघ निघाली की फळी सपाट झाली. नुसत्या हाताने घासलं तर बोटांच्या दाबाने नवे खळगे पडतात, म्हणून ठोकळा सोडायचा नाही. पुढे २२० आणि ३२० नंबर.

कडेला मात्र हात आवरायचा. नियमानुसार वरच्या पृष्ठभागाची धार खेळात धरली जाते, खालची उभी बाजू धरली जात नाही. धारेला लागलेला चेंडू ग्राह्य, बाजूला लागलेला चेंडू बाद. घासताना धार गोलसर झाली की ही सीमाच पुसली जाते आणि प्रत्येक काठावरच्या चेंडूवर वाद सुरू होतो. तुटलेली कड इपॉक्सीने भरून, सरळ पट्टी लावून काटकोनातच ठेवायची. पार्टिकल बोर्डाची कड पाणी पिऊन फुगली असेल तर ती दाबून परत बसत नाही. फुगवटा कापून तिथे इपॉक्सी भरता येतं, पण भुसा आतपर्यंत सुटला असेल तर त्या फळीवर पैसे घालू नयेत.

रंग कोणता, या प्रश्नावर स्वस्तातला सल्ला हमखास मिळतो: फळ्याचा रंग मारा, तो मॅटच असतो. पण फळ्याचा रंग खडू धरण्यासाठी मुद्दाम खरखरीत केलेला असतो आणि तो चेंडूला लागत राहतो. साधा ऑइलपेंट वरून वाळलेला दिसला तरी आत बरेच दिवस मऊ राहतो. मला योग्य वाटतो तो दोन डब्यांचा मॅट पीयू (पॉलीयुरेथेन), हार्डनर मिसळून, गडद हिरवा किंवा निळा. तो फवाऱ्याने मारताना तोंडाला चांगला मास्क हवा आणि जागा मोकळी हवी, यात हयगय नको. दोन्ही अर्धे एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून रंगवायचे. एक अर्धा आज आणि दुसरा आठवड्याने रंगवला तर खेळाडूंना दोन वेगळी टेबलं मिळतात.

विदर्भाचं हवामान या कामाला वर्षातले थोडेच महिने देतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की फवाऱ्याचे थेंब फळीवर पोचायच्या आधीच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा होतो. पावसाळ्यात उलट संकट. थिनर उडताना फळी गार पडते, हवेतला ओलावा तिच्यावर बसतो आणि रंग पांढरट पडतो. दिवाळी झाल्यापासून थंडी सरेपर्यंतचा काळ उत्तम. भिवापुरात आणखी एक खबरदारी: मिरची वाळत घातलेल्या अंगणाजवळ फवारा मारायचा नाही. तिखटाची धूळ ओल्या रंगात बसते, आणि रंगाचा तुषार मिरचीवर.

रेषा शेवटी. कडेच्या पांढऱ्या रेषा २ सेंटिमीटर रुंद, मधली फक्त ३ मिलिमीटर. मास्किंग टेप लावल्यावर लगेच पांढरा रंग दिला तर तो टेपखाली झिरपतो आणि रेषेला दात फुटतात. जाणता कारागीर टेपच्या काठावरून आधी टेबलाचाच हिरवा रंग पातळ फिरवतो. जे झिरपायचं ते हिरव्यात हिरवं झिरपतं, फट बंद होते, आणि मग पांढरा हात दिला की रेषा सुरीने कापल्यासारखी निघते. पांढरा थरही पातळच हवा. जाड रेषेच्या उंचवट्याला चेंडू अडखळतो.

यानंतर आठवडाभर टेबलाला हात लावू द्यायचा नाही, मुलांनी कितीही गळ घातली तरी. मग लेव्हल लावून ते समपातळीत आणायचं, जाळी १५.२५ सेंटिमीटरवर ताणायची आणि खडूने तशाच चौकटी पुन्हा आखून, त्यांत चेंडू सोडून आकडे वहीत मांडायचे. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले की कारागिराने काय केलं ते क्रीडाशिक्षकांना दिसतं, आणि पुढच्या खेपेला कोणत्या पट्टीचे स्क्रू आधी आवळायचे तेही. उरलेल्या रंगाच्या डब्यावर कंपनी, छटा आणि तारीख लिहून तो घट्ट बंद करून ठेवावा. हार्डनर न मिसळलेला रंग टिकतो, आणि जाळीजवळचा तो घामाचा कोपरा पुन्हा उघडा पडला की तेवढ्यापुरता उपयोगी येतो.