दोन फिक्या रंगांतील निवड

भिलाईतील कोहका वस्तीत उत्तरेकडे खिडकी असलेली एक खोली रंगवावयाची आहे, असे समजू. दुकानातून आणलेल्या रंगपत्रिकेवर मोतिया आणि फिका बदामी हे दोन रंग जवळजवळ सारखेच दिसतात. कोणताही लावला तरी चालेल, असे वाटते. परंतु पत्रिकेवर सहसा न जाणवणारा भेद चार भिंतींवर स्पष्ट होतो. असे का व्हावे?

भिंतीवर पडलेला प्रकाश एकदाच परावर्तित होऊन थांबत नाही. तो समोरच्या भिंतीवर पडून पुन्हा परततो. समजा, बदामी रंग तांबड्या प्रकाशाचा शेकडा ८० आणि निळ्या प्रकाशाचा शेकडा ७० भाग परत पाठवितो. दुसऱ्या परावर्तनानंतर हे भाग ६४ व ४९, तर तिसऱ्यानंतर सुमारे ५१ व ३४ उरतात. निळा भाग असा अधिक त्वरेने घटत गेल्याने खोली पत्रिकेहून गडद व पिवळसर दिसते.

रंग प्रकाशावरही अवलंबून असतो. भिलाई सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात अशा खिडकीतून थेट ऊन येत नाही. आकाशाचा निळसर प्रकाश येतो. रात्री दिवा पिवळसर असला, तर तोच रंग निराळा भासतो.

तिसरे कारण शेजारच्या रंगांचे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तेथील काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार होती. दोष रंगाईचा नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगांचा आहे, असे त्यांना आढळले. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

तेव्हा निवड दुकानात न करता खोलीतच करावी. प्रत्येक रंगाचे दोन हात दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर द्यावेत व ते पूर्ण वाळू द्यावेत. मग ते दोन पुठ्ठे उघड्या पुस्तकाप्रमाणे काटकोनात धरावेत. आतील बाजूस रंग खोलीच्या कोपऱ्यातल्यासारखा दाट दिसेल. फरशी व पडदे यांच्याजवळ, खिडकीपाशी आणि आतल्या कोपऱ्यात, सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात अशी तुलना करावी. इतके करूनही भेद न दिसल्यास अधिक प्रकाश परत पाठविणारा, म्हणजे अधिक फिका, रंग घ्यावा. खोली उजळ राहील. दोन दिवसांच्या या परीक्षेने सारी खोली पुन्हा रंगविण्याचा खर्च टळतो.